साडी नसलेली नायिका

सोहमनं सिनेमाची तिकिटं काढली, तेव्हाच निरुपमाच्या मनात पाल चुकचुकली.

चौतीस वर्षांच्या या मुलानं आजवर आईला कधी सिनेमाला नेलं नव्हतं. लहानपणी तीच त्याला न्यायची, आणि मध्यंतरानंतर तो तिच्या मांडीवर झोपून जायचा. पुण्याला नोकरी लागल्यापासून तर बडोद्याला आला की खायचं आणि लोळायचं, एवढाच त्याचा कार्यक्रम. आणि आज सकाळी गाडीतून उतरून आला तो दारातच म्हणाला, "आई, दुपारचा शो आहे. तू, मी आणि निहार. बाबांचं जेवण आधी उरकू."

"कुठला पिक्चर?"

"चांगला आहे. तू चल तर."

नाव सांगेना. तिनं हळूच कौमुदीला फोन लावला. कौमुदी तिच्या महिला मंडळातली, बडोद्यात लागलेला प्रत्येक सिनेमा पहिल्या आठवड्यात बघणारी.

"मॉलमध्ये दुपारचा?" कौमुदीनं विचारलं. "तो बँडवाल्यांचा ना? अगं, तो दोन मुलांचा आहे. म्हणजे त्या दोघांचंच एकमेकांवर... तसला. पण हसवतो हं खूप. तुला कोण नेतंय?"

"सोहम."

"हं," कौमुदी म्हणाली. "बरं, चालो, जय श्रीकृष्ण." आणि फोन ठेवून दिला. एरवी तिचा फोन अर्धा तास चालायचा.

निहारबद्दलही निरुपमाच्या मनात अशीच शंका होती. सोहमबरोबर तो आता चौथ्यांदा येत होता. मूळचा सांगलीचा, वागायला गोड, उंच, किंचित वाकून चालणारा. पहिल्या दोन वेळांना तो मित्र होता. तिसऱ्या वेळी निरुपमानं एक गोष्ट पाहिली आणि ती तिच्या डोक्यातून जाईना. चहावर साय धरली होती. निहारनं बोलता बोलता चमच्यानं सोहमच्या कपातली साय उचलली, स्वतःच्या कपात टाकली आणि पिऊन टाकली. दोघांच्या लक्षातही आलं नाही. सोहमला साय चालत नाही, हे जगात फक्त निरुपमाला माहीत होतं. त्याच्या दहावीपर्यंत तीच ती काढून घ्यायची.

तेव्हापासून ती त्या दोघांवर नजर ठेवून होती. कोण कोणाचा टॉवेल वाळत घालतं, कोण आधी उठतं, फोन आला की कोण दुसऱ्याचा उचलतो. मनात जे येई त्याला ती नाव देत नव्हती. नाव दिलं की ते नवऱ्याला, दत्तात्रेयला, सांगावं लागलं असतं.

आणि सांगायची तर ही भलतीच वेळ होती. पुण्याला दोघांनी मिळून फ्लॅट घेतला होता. पुढच्या महिन्यात वास्तुशांत. पूजेला जोडपं बसावं लागतं, म्हणून आईबाबांनी येऊन बसावं, असा सोहमचा आग्रह. दत्तात्रेय काही केल्या हो म्हणत नव्हता.

"दोन मित्र मिळून घर घेतात, हे मी पहिल्यांदा ऐकतोय," तो म्हणायचा. "उद्या एकाचं लग्न झालं म्हणजे दुसऱ्यानं काय जिन्यात झोपायचं? दारावर पाटी कुणाची? पूजा कुणाच्या नावानं सांगायची? आधी मला हे कळू दे, मग येतो."

यावर सोहम फोनवर आईला म्हणाला होता, "बाबा आले नाहीत तर मी पूजा करणार नाही, आई. आणि परत कधी त्यांना माझ्याकडे या, असं म्हणणारही नाही." तो रागावून बोलला असता तर तिनं मनावर घेतलं नसतं. तो अगदी शांतपणे बोलला होता.

*

मॉलमधल्या थिएटरात निरुपमाला कधी करमलं नाही. जुन्या थिएटरांत तिला प्रत्येक ठिकाणची आपली खुर्ची माहीत होती. पंखा कुठला चालतो, खांब कुठे आड येतो, बटाटेवडे कुठल्या दारानं येतात, सगळं. इथे सगळं गार, सगळीकडे गालिचा, आणि मक्याच्या लाह्यांना शेजारच्या पोरी पॉपकॉर्नचा टब म्हणतात.

तिला मधे बसवलं. डावीकडे सोहम, उजवीकडे निहार. याचाही तिला संशय आलाच. दोघांना शेजारी बसायचं असेल तर बसावं, मधे म्हातारी कशाला?

सिनेमा होता जबलपूरच्या एका बँडवाल्याचा. बाप लग्नाचा बँड चालवतो, गावातलं एक लग्न त्याच्याशिवाय लागत नाही. त्याचा मुलगा ढोल वाजवतो. बँडमध्ये नवा क्लॅरिनेट वाजवणारा पोरगा येतो. एका पावसाळ्यात लग्नाचा मोसम संपतो, गोदामात वाद्यं पुसता पुसता ढोलवाला आणि क्लॅरिनेटवाला एकमेकांचे होऊन बसतात. घरात कळतं. बाप मध्यंतराच्या आधी मुलाच्या थोबाडीत मारतो, वरातीच्या ऐन मध्यात, आणि बँड बंद पडतो.

लोक हसत होते. मागच्या रांगेतल्या मुलांनी शिट्ट्या मारल्या. त्या दोघांना एकत्र पाहून ढोलवाल्याची आत्याबाई घाबरून देवघरात लपते, तेव्हा तर थिएटर दणाणलं. निरुपमालाही हसू आलं. हसता हसता तिनं डावीकडे पाहिलं. सोहम पडद्याकडे बघतच नव्हता. तो तिच्याकडे बघत होता. तिनं झटकन उजवीकडे पाहिलं, तर निहारही.

हे दोघे सिनेमा बघायला आलेच नव्हते. तिला बघायला आले होते.

तिचं हसू आत गेलं. उरलेला सिनेमा तिनं चेहरा दगडासारखा ठेवून पाहिला. पापणी हलली तरी तिचा अर्थ लावतील, असं तिला वाटत होतं. शेवटी बाप नमतो, लाल कोट चढवतो आणि मुलाच्या वरातीत स्वतः ट्रंपेट वाजवतो. आत्याबाई नाचते. सगळं जबलपूर नाचतं. उजेड झाला तेव्हा पुढच्या रांगेतली एक गुजराती बाई डोळे पुसत नवऱ्याला म्हणाली, "केटलुं सरस!" नवरा मात्र मोबाइल चालू करत होता.

"कसा वाटला?" सोहमनं विचारलं.

"बरा होता," निरुपमा म्हणाली. "बाप फार लवकर विरघळला."

रिक्षात ती परत मधेच. रिक्षा मॉलच्या फाटकातून बाहेर पडली. मग सोहम म्हणाला, "आई, आज बाबांना सांगशील ना? नेहमीसारखा?"

"सांगीन."

"आहे तसा सांग."

"म्हणजे? मी काय नसलेलं सांगते?"

"तू बदलतेस, आई. बाबांच्या बायपासनंतर तू एका कॅन्सरच्या नायकाला बरं केलं होतंस. ते अजून समजतात की तो जिवंत आहे."

निहारला हसू आलं. त्यानं ते खोकल्यात घालवलं.

"आई," सोहम पुढे झुकला. "ते घर आमच्या दोघांचं आहे. त्या सिनेमातल्यासारखं."

"हळू बोल. रिक्षावाला ऐकतोय."

"बेन, डाबी बाजु लऊं?" रिक्षावाल्यानं आरशात बघत विचारलं.

"हां, हां, डाबी बाजू," ती डावीकडे हात दाखवत म्हणाली, आणि त्या आरशाकडे घर येईपर्यंत संशयानं बघत राहिली. मुलाकडे बघण्यापेक्षा ते सोपं होतं.

*

सिनेमाची गोष्ट सांगणं हे निरुपमाचं जुनं काम. लग्न होऊन ती बडोद्याच्या नागरवाड्यात आली तेव्हा शेजारच्या अर्ध्या बायकांना सिनेमाला जायची परवानगी नसे. निरुपमा पाहून आली की दुसऱ्या दुपारी त्या तांदूळ निवडायला तिच्याकडे येत, आणि ती पहिल्या पाटीपासून शेवटच्या पाटीपर्यंत सगळा सिनेमा सांगे. गाण्यांसकट. सगळ्यात आधी नायिकेची साडी. रंग, पोत, काठ, पदर चापून लावलेला की सोडलेला, इथपर्यंत. साडी सांगून झाल्याशिवाय नायिका तोंड उघडत नसे.

मग टीव्ही आला, केबल आली, बायका सुटल्या. आता ऐकायला कोणी उरणार नाही, असं वाटत असतानाच दत्तात्रेयचे डोळे गेले. प्रतापनगरला रेल्वेच्या कारखान्यात तो ड्राफ्ट्समन होता. केसाएवढी रेघ चुकली तरी ओळखणारा माणूस. काचबिंदूनं दोन वर्षांत सगळं हिरावलं. घरात चिडचिड करायला लागला, तेव्हा एका संध्याकाळी तिनं सहज एक सिनेमा सांगितला. त्यानं ऐकला. त्याला वीस वर्षं झाली. बर्फात शिफॉन नेसून नाचणाऱ्या नायिका, मग जीन्सवाल्या, मग लग्नातल्या लेहंग्यावाल्या, सगळ्या त्यानं तिच्या तोंडून पाहिल्या. देशात काय काय बदललं हे त्याला नायिकांच्या कपड्यांवरून कळायचं.

ती मॉलमधून परतली त्या संध्याकाळीही तो तयार होऊन बसला होता. दिवसभर कानाशी चालणारा रेडिओ त्यानं बंद केला, हात मांडीवर ठेवले. "हं. लाव पिक्चर."

मुलं स्वयंपाकघरात चहा करत होती. कपांचा आवाज येत होता, बोलण्याचा नव्हता. निरुपमाला कळत होतं, दोघांचे कान इकडेच लागलेत.

आहे तसा सांग, म्हणाला होता. पण सांगितला आणि हा उठून आत गेला तर? पुण्याचं दार कायमचं बंद. त्यापेक्षा आज सांभाळून घ्यावं. एकदा पूजेला बसला, घर पाहिलं, जेवला, की पुढचं हळूहळू. तिनं मनाशी ठरवलं आणि सुरुवात केली.

"जबलपूरचा एक बँडवाला असतो. त्याचा मुलगा ढोल वाजवतो. आणि बँडमध्ये एक मुलगी येते. क्लॅरिनेट वाजवणारी. सुनीता."

स्वयंपाकघरातला आवाज थांबला.

"बँडमध्ये मुलगी?" दत्तात्रेय म्हणाला.

"हो, हल्ली असतात."

"जबलपुरात?"

"पिक्चरमध्ये काय, कुठेही असतात. ऐका ना."

तो ऐकत राहिला. ती भराभर सांगत गेली. गोदाम, पावसाळा, वाद्यं पुसणं. जात वेगळी म्हणून बापाचा विरोध, असं तिनं मधे घातलं. थोबाडीत मारलेली सांगितली. आत्याबाई देवघरात लपली तेही सांगितलं, पण ती सुनीताला पाहून का लपली, हे धड जुळेना. बाप नमला, लग्न लागलं. नेहमी दीड तास चालणारा सिनेमा अर्ध्या तासात आटोपला.

"संपला?"

"संपला."

दत्तात्रेयनं मान हलवली. "मुलगी काय नेसली होती?"

"अं?"

"सुनीता. काय नेसली होती?"

"बँडचा युनिफॉर्म. लाल कोट. सोनेरी झालर."

"घरी?"

"घरी... घरी ती दाखवलीच नाही फारशी."

"लग्नात?"

चार दशकं निरुपमा साड्या सांगत आली होती. जरी, बुट्टा, पाचवारी, नववारी, सगळं तोंडावर. आणि आता एक साधी लग्नातली साडी तिला सुचेना. दोन्ही नवरदेव शेरवानीत होते, डोळ्यांपुढून ते हलत नव्हते.

"अगं, तू आजवर एका नायिकेला साडीशिवाय घरात घेतलं नाहीस," दत्तात्रेय म्हणाला. "आजची अख्खा पिक्चर उघडी फिरली. ही मुलगी नव्हतीच तिथे."

"तुम्हाला काय माहीत?"

त्यानं शेजारी चाचपून रेडिओवर दोन बोटं वाजवली. "आठवडाभर हे कार्टं दुसरं काही बोलत नाहीये. त्या पिक्चरवाल्यांची मुलाखत झाली, फोन करणाऱ्यांची भांडणं झाली. दोन मुलांचं आहे. मला सगळं माहीत आहे. बघत होतो, तू काय करतेस ते."

निरुपमाला आधी राग आला. अर्धा तास हा माणूस तोंड मिटून तिची परीक्षा घेत होता. मग तिच्या लक्षात आलं. याला सिनेमा माहीत होता, तर तिकिटं कोणी काढली हेही माहीत होतं. मग आणखी काय काय माहीत होतं?

"आता खरा सांग," तो म्हणाला. "नाहीतर मी रेडिओ लावतो."

तिनं पदर सारखा केला आणि परत जबलपूरपासून सुरुवात केली. या वेळी क्लॅरिनेटवाला मुलगा. पण सवयीनं ती पुन्हा तिथेच अडली. तो पहिल्यांदा येतो तेव्हा काय घातलेलं असतं? तिनं पाहिलंच नव्हतं. इतकी वर्षं सिनेमा बघून तिची नजर मुलांच्या कपड्यांवर कधी ठरलीच नव्हती.

"निळा शर्ट, काकू." स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. "धुऊन विटलेला. बाह्या दुमडलेल्या. एक बटण वेगळ्या रंगाचं."

"हा कोण?" दत्तात्रेयनं मान वळवली.

"निहार, काका."

"तुला बटण दिसलं? ये, इथे बस. तू सांग पुढचं."

निहारनं चहाचा ट्रे ठेवला आणि वेताच्या मोड्यावर टेकला. सोहम दारातच उभा राहिला. निहार सांगायला लागला. सांगणं त्याला जमत नव्हतं. हे राहिलं, ते राहिलं म्हणत मागे जायचा. निरुपमाला वाटलं, वीस वर्षांची आपली जागा हा पोरगा एका संध्याकाळात घेतोय की काय. पण तो चुकायला लागला की तिलाच राहवेना.

"गाणं गाळलंस," दत्तात्रेय म्हणाला.

"गोदामातलं," निरुपमा म्हणाली. "थांब, मी सांगते."

असं दोघांनी मिळून ते शेवटापर्यंत नेलं. बापानं लाल कोट चढवला, ट्रंपेट वाजवलं, आत्याबाई नाचली.

"हे मला पटत नाही," दत्तात्रेय म्हणाला. "मध्यंतराला थोबाडीत मारतो आणि शेवटी बँड वाजवतो. मधे काय झालं?"

"मधे एक गाणं झालं, काका," निहार म्हणाला.

दत्तात्रेय हसला. मोठ्यानं नाही, नाकातून. मग बराच वेळ त्याची बोटं मांडीवर काहीतरी रेखत होती, जुन्या ड्रॉइंग बोर्डावर रेखायची तशी.

"माझ्याकडे गाणं नाही," तो म्हणाला. "मला वेळ लागतो. त्या घराच्या पाटीवर दोन नावं आहेत, असं मी धरून चाललो होतो. तिसरं, सुनेचं, कधीच येणार नाही, हे आज धरायचंय." दारात सोहम हलला तशी त्यानं हात वर केला. "तू बोलू नकोस आत्ता. निहार, तुझे वडील येणारेत पूजेला?"

"नाही."

"विचारलंस?"

"त्यांचा पिक्चर पहिल्याच रिळात थांबलाय, काका. ते उठून गेले."

चहा गार झाला होता. दत्तात्रेयनं कप उचलला, ओठाला साय लागली तसं तोंड वाकडं केलं आणि कप खाली ठेवला. साय न आवडणं सोहमनं घेतलं होतं ते याच माणसाकडून. निहारचा हात चमच्याकडे गेला, पण निरुपमा आधी पोचली.

मग दत्तात्रेयनं रेडिओ लावला. त्या दिवशी तो विषय पुन्हा निघाला नाही.

*

दुसऱ्या दिवशी मुलांची गाडी सकाळची होती. निरुपमानं बडोद्याचा लिलो चिवडा आणि भाकरवडी बांधून दिली, दोन डबे. दोन का, हे तिनं स्वतःलाही विचारलं नाही. दत्तात्रेय नेहमीच्या खुर्चीत, पाठ दाराकडे. सोहम नमस्काराला वाकला तेव्हा त्यानं डोक्यावर हात ठेवला. निहार वाकला तेव्हाही ठेवला. पण बोलला काहीच नाही. सोहमचा चेहरा उतरला होता. तो उंबऱ्यावर बसून बुटाची नाडी बांधायला लागला, गरजेपेक्षा हळू.

"अगं," दत्तात्रेय म्हणाला.

"काय?"

"पूजेला काय नेसणार आहेस?"

निरुपमाच्या हातात देवाची साखर होती, ती तिथेच राहिली. "कुठल्या पूजेला?"

"पुण्याला. दुसरी कुठली आहे? येईन मी. पाटावर बसायचं की नाही, ते तिथे येऊन ठरवीन. दोन नावांनी पूजा कशी सांगायची, ते त्या भटजींना आधी विचारून ठेवा, ऐनवेळी घोळ नको." त्यानं रेडिओची कळ फिरवली, परत बंद केली. "साडीचं विचारलं मी."

सोहमच्या हातातली नाडी सुटली.

निरुपमानं नवऱ्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. हा माणूस कालच तिला अर्धा तास फसवून बसला होता, त्याच्यावर एवढ्यात विश्वास कोण ठेवणार? बसणार नसेल तर न बसो. पण ज्या कार्याला स्वतः शेजारी बसायचं नाही, तिथल्या साडीची चौकशी यानं आजवर कधी केली नव्हती.

"चिंचेच्या रंगाची," ती म्हणाली. "बारीक जरीचा काठ. ती सोहमच्या मुंजीतली, तुम्ही पाहिलेली."

"पदर?"

"मोरांचा."

"आणि हे दोघं?" दत्तात्रेयनं विचारलं. "हे काय घालणार?"

निरुपमानं उंबऱ्यावरच्या दोघांकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, कालच्या सिनेमातल्या मुलांना पाहायचं राहून गेलं होतं तसं.

"उभे राहा रे नीट," ती म्हणाली. "काय घालणार ते सांगा. पुढे मलाच सांगायचंय."